बाईकचा बोअर गेलाय सांगून साडेसात हजार घेतले, दोष होता पेट्रोलच्या टाकीतल्या पाण्याचा

चतुर्थीला गावी येणारे आणि पावसाळाभर गाडी पडवीत उभी ठेवणारे जेवढे लोक असतील त्यांच्यासाठी लिहितोय, लांब होईल पण पूर्ण वाचा. आमच्या बाबांकडून हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने न केलेल्या इंजिनकामाचे साडेसात हजार घेतले. गाव देवगड तालुक्यातलं, गॅरेजचं नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे.

गाडी बाबांची २००५ ची स्प्लेंडर प्लस. जूनपासून उभी होती, टाकी अर्धी रिकामी. चतुर्थीच्या आधी बाहेर काढली तर चोक ओढला की चालू, चोक सोडला की बंद, घाटीला चढेना, सायलेन्सरमधून फटफट आवाज. बाबा कशीबशी गॅरेजला घेऊन गेले. त्याने एक-दोन किका मारल्या, जरा रेस केली आणि म्हणाला काका बोअर (ब्लॉकमधली पिस्टन खालीवर जाते ती नळी) गेलाय, पिस्टन, रिंगा, ब्लॉक सगळंच बदलावं लागणार, गणपतीच्या आधी गाडी हवी तर ॲडव्हान्स आत्ताच द्या, नंतर गर्दीत नंबर लागायचा नाही. सणाच्या तोंडावर म्हातारा माणूस एकटा आलाय हे बघूनच हे बोलणं असतं. गाडी परत देताना कागदात गुंडाळलेला एक घासलेला पिस्टन बाबांच्या हातात दिला, हा बघा तुमचा जुना पिस्टन, आणि वर सांगितलं की नवीन बोअर आहे, ५०० किलोमीटर ४० च्या वर पळवू नका. बाबांनी ते अगदी मनापासून पाळलं. बिल म्हणून चिठ्ठीवर नुसता आकडा.

गौरी जायच्या आत गाडी परत तशीच. फोन केला तर म्हणतो रनिंग होऊ दे, सेट होईल.

तोवर मी गावी पोचलो होतो. शेजारचे आबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ते आले, गाडी चालू करून सायलेन्सरच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "बोअर गेल्यार गाडी निळो धूर मारता रे, हिचो धूर खंय हा?" हे प्रत्येकाने लक्षात ठेवा. रिंगा-पिस्टन खरंच गेले असतील तर निळसर धूर येतो, इंजिन ऑइल कमी होत जातं, आणि चावी बंद ठेवून किक हाताने हळूहळू दाबली तर ती नीट अडत नाही, सैल जाते. बाबांच्या गाडीत यातलं काहीच गॅरेजला नेण्याआधीही नव्हतं. आणि जी गाडी फक्त चोकवर चालते तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी जादा हवा खेचतेय, म्हणजे आधी कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) आणि त्याच्या इनलेट पाईपचा ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बघायचा, ब्लॉक उघडायचं कारणच नाही.

मग अंगणात, चूल-निरांजनापासून लांब, कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेतलं. थोडा वेळ ठेवल्यावर खाली गढूळ पाण्याचा वेगळा थर बसला आणि त्यात तांबूस गंजाचे कण. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल धरतं, कोकणातल्या पावसात अर्धी टाकी तीन महिने उभी राहिली की ओल प्रमाणाबाहेर जाते आणि पाणी-इथेनॉल मिळून तळाला बसतं, टाकी आतून गंजते, तोच गंज जाऊन कार्ब्युरेटरमधल्या स्लो जेटचं, म्हणजे रेस न देता गाडी चालू ठेवायला पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं, बारीक भोक बुजवतो. टाकी पूर्ण रिकामी करून धुतली, वाळवली, स्लो जेट वायरमधल्या तांब्याच्या एका बारीक तारेने मोकळा केला (स्टीलची सुई अजिबात घालू नका, भोक मोठं होतं), एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा) हलकेच पूर्ण बंद करून साधारण दीड फेरा उघडला, प्लग ब्रशने साफ केला. गाडी चोक न ओढता, रेस न देता आयडलला चालू राहिली. खर्च जवळपास शून्य, ओतून टाकलेल्या पेट्रोलचा काय तो.

खरा संताप पुढे आला. आबा टॉर्च घेऊन हेड आणि ब्लॉकच्या सांध्यात बघत होते. तिथे फिन्सच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) खाचेत जुनी लाल माती तेलात मळून दगडासारखी बसलेली, नटांवर गंज जसाच्या तसा, पान्याचा एक ओरखडा नाही. ब्लॉक काढला असता तर ती माती तिथे राहिलीच नसती. ऑइल काढलं तर काळंकुट्ट, म्हणजे तेही बदललेलं नाही. मग तो "जुना पिस्टन" आणला आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला. ५७ एमएम. स्प्लेंडरचा बोअर ५० एमएमचा असतो, तो पिस्टन त्या ब्लॉकमध्ये शिरूच शकत नाही, ५७ चा बोअर पल्सर १५० चा. भंगारातला कुठलातरी पिस्टन उचलून बाबांच्या हातात ठेवला होता. आणि कार्ब्युरेटर पण आमचा नाही, आमच्यावर केहिन कंपनीचं नाव कोरलेलं होतं, यावर कसलंच नाव नाही. डुप्लिकेट नवा कार्ब्युरेटर लावला म्हणून गाडी सुरुवातीला बरी चालली, टाकीतला गंज तसाच होता म्हणून तोही तुंबला.

जाब विचारायला गेलो तर म्हणे पोराने चुकून दुसऱ्या गाडीचा पिस्टन दिला असेल. नट का उघडले नाहीत याला उत्तर नाही. पैसेही नाहीत, कार्ब्युरेटरही नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला तक्रार नोंदवलीय, तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात तिथे फी लागत नाही. चिठ्ठी, पिस्टन व्हर्नियरसकट, गंजलेले नट, सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत.

गाडी गॅरेजला देताना इंजिन आणि कार्ब्युरेटरचे मोबाईलवर फोटो काढा आणि ब्लॉक उघडणार असेल तर समोर उभे राहा, घरचं म्हातारं माणूस एकटं पाठवू नका. आपल्या भागात आणखी कुणाला यंदा असा कागदात गुंडाळलेला पिस्टन मिळाला असेल तर तो फेकू नका, मोजा. स्प्लेंडर, जुनी पॅशन, सीडी १०० सगळ्यांचा ५० एमएमचाच, ओव्हरसाइज (घासलेला बोअर मोठा करून बसवलेला पिस्टन) असला तरी जेमतेम एक एमएम जास्त. त्याहून मोठा भरला तर मला कळवा, तक्रार एकत्र करू.