कॅश गेम की टूर्नामेंट? ध्येय ठरवून ऑनलाइन पोकर खेळू पाहणाऱ्यासाठी तुलना

‘इतक्या डॉलरपासून सुरुवात करायची आणि इतक्यापर्यंत न्यायचे’ असे ध्येय ठरवून ऑनलाइन पोकर नेमाने खेळणाऱ्याला सर्वांत आधी निर्णय घ्यावा लागतो तो खेळाच्या प्रकाराचा. कॅश गेममध्ये समोरची चिप म्हणजे प्रत्यक्ष पैसा असतो आणि वाटेल तेव्हा टेबलावरून उठता येते. टूर्नामेंटमध्ये एकदाच प्रवेश फी भरायची असते आणि चिपा संपेपर्यंत किंवा सगळ्यांच्या चिपा जिंकेपर्यंत खेळत राहावे लागते. पत्ते तेच, नियम बहुतांशी तेच; पण ध्येयाच्या दृष्टीने हे दोन व्यवसाय एकमेकांपासून फार दूरचे आहेत, आणि ते अंतर बहुतेकांना वर्ष वाया गेल्यावर कळते.

ही तुलना कोणासाठी आहे, हे आधी स्पष्ट केलेले बरे. भारतात ऑनलाइन गेमिंगसंबंधीच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद बाजूला ठेवून या कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ चालवण्यास बंदी घातली, आणि भारतीय पोकर संकेतस्थळांनी त्यांच्याकडचे पैशांचे खेळ थांबवले. परदेशी संकेतस्थळावर आडमार्गाने खाते उघडणे हा पर्याय म्हणून मी विचारातच घेत नाही, कारण तिथे अडकलेल्या रकमेसाठी दाद मागायला जागा उरत नाही. पुढचे विवेचन आहे ते ज्यांच्या राहत्या ठिकाणी हा खेळ परवान्याखाली चालतो अशांसाठी, म्हणजे २०१३ पासून ऑनलाइन पोकर कायदेशीर असलेल्या न्यू जर्सीतल्या, २०२२ मध्ये खुली बाजारपेठ सुरू झालेल्या ओंटारियोतल्या किंवा ब्रिटनमधल्या मराठी वाचकासाठी.

ध्येयाचे एक ठोस उदाहरण घेऊ. नोकरी सांभाळून आठवड्याला आठ तास देता येतात, हाताशी बुडाले तरी चालतील असे २०० डॉलर आहेत आणि त्यांचे २,००० करायचे आहेत. खेळ सहा जणांच्या टेबलावरचा नो-लिमिट होल्डेम, म्हणजे समोरचे सगळे पैसे केव्हाही लावता येतात असा पोकरचा प्रकार. चार टेबले एकाच वेळी उघडली, तर तासाला साधारण ३०० डाव होतात, म्हणजे आठवड्याला २,४०० आणि वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास. खेळाडू चांगला आहे आणि रेक, म्हणजे संकेतस्थळाने प्रत्येक पॉटमधून (डावात लागलेल्या एकूण पैशांतून) कापलेला वाटा, वजा जाऊन तो शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड (डाव सुरू होताना एका खेळाडूने लावायची सक्तीची रक्कम) कमावतो, असे धरू. हे गृहीतक उदार आहे. कमी रकमेच्या टेबलांवर रेकच इतका खातो की, समोरच्यांपेक्षा थोडा बरा खेळणारा माणूसही शेवटी तोट्यात राहतो, आणि रेक वजा जाता बहुसंख्य खेळाडू हरणाऱ्यांतच मोडतात.

आता कॅश गेमचा हिशेब. चाळीस बाय-इन (बाय-इन म्हणजे टेबलावर घेऊन बसायची रक्कम, इथे शंभर बिग ब्लाइंड) जवळ असल्याशिवाय त्या पायरीवर बसायचे नाही, हा सावध खेळाडूंचा नेहमीचा दंडक. त्यानुसार २०० डॉलरवर पाच डॉलर बाय-इनचे, म्हणजे पाच सेंट बिग ब्लाइंडचे टेबल परवडते. तिथून ४०० पर्यंत जायला ८०,००० डाव लागतात. मग दहा डॉलरच्या टेबलावर ४०० चे १,००० व्हायला १,२०,००० डाव, आणि पंचवीस डॉलरच्या टेबलावर १,००० चे २,००० व्हायला आणखी ८०,०००. एकूण २,८०,००० डाव, म्हणजे सुमारे ९३० तास, म्हणजे आठवड्याला आठ तासांच्या वेगाने सव्वादोन वर्षे. तासाची कमाई पडते दोन डॉलरच्याही आत, आणि न्यू जर्सीतले किमान वेतन तासाला पंधरा डॉलरच्या वर आहे. शिवाय वरच्या टेबलांवर समोरचे अधिक तयारीचे असतात, त्यामुळे पाचाचा दर तसाच टिकेल ही अपेक्षाही जरा जास्तच आहे. ज्याला या आकड्यांनी धक्का बसतो, त्याने टूर्नामेंटकडे वळण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की त्याचा आक्षेप खरे तर ध्येयालाच आहे.

टूर्नामेंटमध्ये तेच २०० डॉलर दोन डॉलरच्या शंभर प्रवेश फ्यांइतके होतात. आठ तासांत, दोन-तीन स्पर्धा एकत्र चालवून, आठवड्याला दहा स्पर्धा धरल्या तर वर्षाला पाचशेच्या आसपास होतील. भरलेल्या फीवर सरासरी वीस टक्के परतावा मिळवणारा खेळाडू उत्तम समजला जातो. त्याची वर्षाची अपेक्षित कमाई २०० डॉलर येते. कॅश गेममध्ये पहिल्या पायरीवरच राहिले तरी वर्षाला ३०० होतात. म्हणजे सरासरीचा विचार केला, तर टूर्नामेंटमध्ये पैसा अधिक आहे हा समज निदान या स्तरावर टिकत नाही. तो समज निर्माण होतो तो बक्षिसांच्या वाटणीतून. हजार खेळाडूंच्या अशा स्पर्धेत वरच्या दीडशेंना काहीतरी मिळते, पण शंभराव्या क्रमांकाला जेमतेम दोन फ्या सुटतात, नवव्याला पंचवीसेक डॉलर आणि पहिल्याला तीनशेच्या आसपास. एका पहिल्या क्रमांकाची रक्कम वर्षभराच्या अपेक्षित कमाईपेक्षा मोठी! असा खेळाडू सरासरीपेक्षा दीडपट वेळा पहिला येतो असे मानले, तरी पाचशे स्पर्धांत एकदाही पहिला न येण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ जाते.

चढउतार म्हणतात ते इथे आकड्यांत दिसतात. वर धरलेला चांगला कॅश खेळाडू १०,००० डावांनंतर, म्हणजे चार-पाच आठवड्यांनंतर, तोट्यात असण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या जवळपास असते; सव्वा लाख डावांनंतर ती तीन टक्क्यांच्या आत येते. वर धरलेला चांगला टूर्नामेंट खेळाडू पाचशे स्पर्धांनंतर, म्हणजे पूर्ण वर्षानंतर, तोट्यात असण्याची शक्यता पंचवीस ते तीस टक्के राहते. थोडक्यात, कॅश गेम एका महिन्यात जितके सांगतो तितकेच कळायला टूर्नामेंटमध्ये वर्ष घालवावे लागते. ही गणिते ढोबळ आहेत आणि बक्षिसांची रचना बदलली की आकडे हलतात, पण दोहोंतले अंतर बुजत नाही. उलट कॅश खेळाडूचा खरा दर पाचाऐवजी एक असेल, तर सव्वा लाख डावांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता तीनात एक उरते. तेव्हा कॅश गेममध्ये खात्री लवकर होते, हे विधान चांगल्या खेळाडूपुरतेच खरे आहे.

हे अंतर का पडते, ते एका डावावरून पाहता येईल. तुमच्या हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याच्या हातात राजांची, आणि टेबलावर सामायिक पत्ते यायच्या आतच दोघेही ऑल-इन, म्हणजे समोरचे सगळे पैसे पणाला. तुम्ही ८२ टक्के वेळा जिंकता. उरलेल्या अठरांत बहुधा राजा येतो आणि कॅश गेममध्ये तुमचे पाच डॉलर जातात; तुमची टेबलावरची रक्कम आपोआप पुन्हा भरली जाते, पुढचा डाव काही सेकंदांत वाटला जातो, आणि बाकीच्या तीन टेबलांवर तर काही घडलेच नाही. हाच डाव स्पर्धेत अकरा जण उरलेले असताना आला, तर रात्रीचे पाच तास आणि कदाचित त्या वर्षाचा नफा त्या राजासोबत जातो. पुढच्या वेळी अकरा जणांत पोहोचायला तुम्हाला आणखी साठेक स्पर्धा लागू शकतात. दोन्हीकडे तुमची चूक शून्य आहे. टिल्ट, म्हणजे हरल्याच्या तिरमिरीत वाईट खेळणे, कॅश गेममध्ये लगेच पैसे घेऊन जाते, कारण पुढचा डाव तयारच असतो. टूर्नामेंटमध्ये ते हळूहळू मुरते आणि ‘आपल्याला खेळताच येत नाही’ अशा निराशेच्या रूपाने महिन्यांनी वर येते. यातले दुसरे अधिक त्रासदायक, असे माझे मत आहे.

स्पर्धेतले खेळाडू थोडे असले तर टूर्नामेंटचे हे दोष बरेच सौम्य होतात. शंभर जणांच्या स्पर्धांत त्याच खेळाडूची वर्षअखेर तोट्यात राहण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास येते. न्यू जर्सीसारख्या राज्यांचे खेळाडू नेवाडा, मिशिगन यांच्याशी आंतरराज्य कराराने जोडले गेले असले, तरी तिथल्या साध्या दिवसांच्या स्पर्धा जागतिक संकेतस्थळांच्या मानाने लहान असतात. लहान बाजारपेठ ही तिथल्या खेळाडूंची जुनी तक्रार आहे, पण ध्येय गाठू पाहणाऱ्याला ती पथ्यावर पडते. कॅश गेममध्ये मात्र तिचा उलट परिणाम होतो: टेबले थोडी, आणि त्यांवर तीच ती ओळखीची, घट्ट खेळणारी, म्हणजे निवडक पत्त्यांवरच पैसे लावणारी मंडळी.

ध्येयासाठी खेळण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे ते ख्रिस फर्ग्युसनचे. २००० सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा हा विजेता. २००६ मध्ये त्याने फुल टिल्ट या संकेतस्थळावर शून्यापासून, म्हणजे फुकटच्या स्पर्धांपासून, १०,००० डॉलरपर्यंत जायचे ठरवले आणि ते करून दाखवले. त्याचे नियम आजही उद्धृत होतात. कॅश गेममध्ये एकूण भांडवलाच्या पाच टक्क्यांहून अधिक घेऊन बसायचे नाही, मोठ्या टूर्नामेंटमध्ये दोन टक्क्यांहून अधिक भरायचे नाही, आणि टेबलावरची रक्कम भांडवलाच्या दहा टक्क्यांवर गेली की उठायचे. पाच आणि दोन या आकड्यांतच दोन्ही प्रकारांच्या जोखमीविषयीचे त्याचे मत आले आहे. आजचे खेळाडू अधिक तयारीचे आहेत, त्यामुळे हे आकडे निम्म्यावर आणणेच शहाणपणाचे. त्याच्या वाटचालीला खरा वेग आला तो एक डॉलरच्या स्पर्धेत दुसरा येऊन मिळालेल्या १०४ डॉलरने, आणि त्याआधीचे कित्येक महिने शून्याच्या आसपास घुटमळण्यात गेले, ही बाजू उद्धृत करणारे सहसा सांगत नाहीत. भांडवल नाहीच, अशा अवस्थेत टूर्नामेंटला पर्याय नसतो. भांडवल आल्यावर मात्र तो कॅश गेमचीही वाट धरू शकला.

फुल टिल्टचे पुढे काय झाले तेही दोन्ही बाजूंच्या हिशेबात धरावे लागते. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी न्याय विभागाने मोठ्या पोकर संकेतस्थळांवर कारवाई केली, खेळाडूंचे पैसे फेडण्याइतकी रक्कम फुल टिल्टकडे नसल्याचे उघड झाले, आणि अमेरिकेतल्या खेळाडूंच्या हाती पैसे यायला २०१४ उजाडले. त्यामुळे ध्येयाची रक्कम सगळी एकाच खात्यात वाढू देणे धोक्याचे. कॅश खेळाडूला महिन्याच्या महिन्याला थोडे काढून घेता येतात. टूर्नामेंट खेळाडूला पुढच्या पडझडीसाठी बरेचसे आतच ठेवावे लागते.

वेळेबद्दल फार लिहायला नको. घरात लहान मूल असेल, तर कॅश गेमचे चाळीस मिनिटांचे तुकडे पाडता येतात. मोठ्या स्पर्धा बहुधा रविवारी असतात, त्या दुपारी सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत जाऊ शकतात, आणि रविवारीच मुलीला मराठी शाळेत सोडायचे-आणायचे असते. उलट, चार टेबलांवर तासभर जवळजवळ प्रत्येक डाव टाकून देत बसण्याचा कंटाळा ज्याला सोसत नाही, त्याने कॅश गेमच्या वाटेला जाऊ नये. कंटाळलेला हात नको त्या पत्त्यांवर पैसे लावतो. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर प्रत्यक्ष टेबलावर बसलेल्यांना हा कंटाळा ठाऊक असेल, कारण तिथे तासाला पंचवीस-तीसच डाव होतात.

कराचा मुद्दा देशानुसार बदलतो. ब्रिटनमध्ये खेळाडूने जिंकलेल्या रकमेवर कर नाही. अमेरिकेत आहे, आणि हौशी खेळाडूला तोटा वजा करायचा तर विवरणपत्रात वजावटींची तपशीलवार यादी द्यावी लागते; सरसकट वजावट घेणाऱ्याला तो लाभ मिळत नाही. त्यातच २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून तोट्याच्या फक्त ९० टक्के वजावट ठेवली आहे. वर्षात ६,००० जिंकले आणि ५,००० हरले, तर हातात येतात १,००० पण कर लागतो १,५०० वर. एका बक्षिसासमोर शेकडो बुडालेल्या फ्या असतात, त्यामुळे हा फटका टूर्नामेंट खेळाडूला अधिक जाणवतो. कॅश खेळाडूही सुटत नाही; प्रत्येक बैठकीची तारीख, वेळ आणि निकाल त्याने लिहून ठेवायलाच हवा.

तेव्हा ध्येय रकमेत आणि मुदतीत मांडलेले असेल, तर मी कॅश गेमच सुचवीन, आणि मुदत वर्षाऐवजी अडीच वर्षांची ठेवायला सांगेन. त्यातही पहिले ध्येय ‘एक लाख डाव, प्रत्येक बैठकीची नोंद’ असे ठेवणे उत्तम, कारण डावांची संख्या आपल्या हातात असते आणि डॉलरची नसते. लाख डावांनंतरही आलेख खाली जात असेल, तर पायरी न चढता थांबावे; आणि नोकरीच्या पगारातून खाते पुन्हा भरावेसे वाटू लागले, तर त्याच दिवशी संकेतस्थळावरची जमा मर्यादा शून्य करावी. टूर्नामेंट निवडावी ती भांडवल अगदीच तुटपुंजे असणाऱ्याने, किंवा तोट्याचे अख्खे वर्ष शांतपणे पचवू शकणाऱ्याने, आणि त्यानेही शंभर-दोनशे खेळाडूंच्या स्पर्धा शोधाव्यात. दोन्हीची ओढ असेल, तर आठपैकी सात तास कॅश गेमला द्यावेत आणि भांडवलाच्या एका टक्क्याच्या आतली एक छोटी स्पर्धा आठवड्यातून खेळावी. मात्र तिचे जमाखर्च वेगळ्या वहीत ठेवावे आणि त्यातले बक्षीस २,००० च्या हिशेबात धरू नये.