माशांच्या टाकीतली खडी बदलायची: एका दिवसात की टप्प्याटप्प्याने?

दोन फुटी टाकीत दोन इंच खडी म्हणजे तेरा-चौदा किलो माल. तो काढताना पाणी गढूळ होणारच, पण चालू फिल्टर ते एक-दोन दिवसांत निवळवतो. काळजी करायची ती अमोनियाची. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया सतत सुटत असतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू खडी, स्पंज, काच, लाकूड यांना चिकटून राहतात. मोकळ्या पाण्यात ते फारसे नसतात. त्यामुळे कोणती पद्धत घ्यायची, हे आधी फिल्टर पाहून ठरवा.

अंडरग्रॅव्हल फिल्टर असेल तर एका दिवसाचा विचार सोडा. तिथे पाणी खडीतूनच ओढलं जातं, म्हणजे खडी हाच फिल्टर. ती सगळी उचलली की मासे तेवढेच राहतात आणि अमोनिया पचवणारं जवळपास कोणी उरत नाही. अशा टाकीत एक तृतीयांश भाग काढायचा, नवी खडी घालायची आणि पुढच्या भागाला हात लावण्याआधी दहा-बारा दिवस थांबायचं. यात वेळ जातो, जुनी-नवी खडी मिसळते आणि प्रत्येक खेपेला तळाचा गाळ उठतो. दुसरा मार्ग मला जास्त पटतो: टाकीत एक स्पंज फिल्टर सोडा, तो महिना-दीड महिना मुरू द्या, म्हणजे त्यात जिवाणू वसू द्या, आणि मग सगळी खडी एकदम काढा.

कॅनिस्टर (टाकीबाहेर डब्यात बसणारा), टॉप (टाकीच्या वर बसणारा) किंवा स्पंज फिल्टर आधीपासून नीट चालू असेल, तर माझं मत सरळ एका दिवसाच्या बाजूने आहे. अधूनमधून पुन्हा पुन्हा ढवळण्यापेक्षा माशांना एकदाच त्रास झालेला बरा. टाकीतलं वरचं स्वच्छ पाणी बादल्यांत काढा, मासे त्यात ठेवा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा आणि वर झाकण ठेवा, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. फिल्टरही बादलीतच चालू ठेवा. त्याच दिवशी स्पंज धुवायला घेऊ नका. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने तर नाहीच. जुन्या खडीतली दोन-तीन मुठी नायलॉनच्या मोज्यात बांधून काही आठवडे टाकीत टांगून ठेवली, तर मोठा आधार होतो.

जिवाणू पाण्यात नसतील तर जुनं पाणी जपायचं कशाला? पीएच, क्षारता (पीएच स्थिर धरून ठेवण्याची पाण्याची ताकद) आणि तापमान एकदम बदलू नये म्हणून. बरेच महिने पाणी न बदललेल्या टाकीत क्षारता संपून पीएच उतरलेला असतो. अशा टाकीत पीएच ६.२ आणि नळाला ७.८ असा फरक दिसला, तर एका दिवसात खडी आणि बहुतेक पाणी दोन्ही बदलणं धोक्याचं. कारण पीएच चढला की अमोनिया जास्त विषारी होतो: २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला तोच पाच टक्क्यांवर जातो. आधी दोन-तीन आठवडे थोडं थोडं पाणी बदलून फरक कमी करा, खडीचं मग बघा.

नव्या खडीकडे पद्धतीइतकंच लक्ष हवं. दुकानात पांढरी शुभ्र खडी मोहात पाडते, पण ती संगमरवराची असेल तर हळूहळू विरघळून पाणी जड करते आणि पीएच वर नेते. मॉली-गप्पींना ते चालतं, टेट्रांना नाही. बोअरच्या जड पाण्यावर अशी खडी तर घालूच नये. कोरड्या खड्यांवर व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. क्वार्ट्झची खडी किंवा नदीची वाळू सहसा पाण्याला काही करत नाही, पण तीही याच परीक्षेतून जाऊ द्या. झाडांसाठीची ॲक्वासॉइल उलट पीएच उतरवते, आणि तिचे बरेच प्रकार सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडतात. ती मासे असलेल्या टाकीत एका दिवसात घालू नका.

खडी तांदळासारखी चोळून, निवळ पाणी येईपर्यंत धुवा. नंतर आठवडाभर खाद्य निम्मं ठेवा आणि अमोनिया रोज तपासा. ०.२५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत पाव भाग) वर आकडा गेला की क्लोरीन काढलेल्या, टाकीएवढ्याच तापमानाच्या पाण्याने एक चतुर्थांश पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. टप्प्याटप्प्याने करत असाल तर सलग तीन-चार दिवस आकडा शून्यावर राहिल्याशिवाय पुढच्या भागाला हात लावू नका.