ई-लिस्पमधली चूक शोधताना: सोर्स चालवावा की बाइटकोड?

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये, त्याच्या ई-लिस्प (ईमॅक्स लिस्प) भाषेत, स्वतःची दोन-चार फंक्शनं लिहून झाली, त्यांचं एखादं छोटं पॅकेज झालं, की हा प्रश्न येतोच. रोजच्या वापरात ईएल फाइल, म्हणजे आपण लिहिलेला सोर्स, तशीच लोड करायची आणि इंटरप्रिटरने चालवू द्यायची, की बाइट-कंपाइल करून, म्हणजे बाइटकोड या यंत्राला सोप्या रूपात बदलून, ईएलसी? वेगाच्या अंगाने यावर भरपूर बोललं जातं. चूक सापडायला कुठली वाट सोपी, याबद्दल कमी बोललं जातं. मी दोन्ही पद्धतींनी पुरेसं काम केलंय आणि आता एका बाजूला स्थिरावलोय. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकेल, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

आधी एक गैरसमज दूर करू. बाइटकोडमध्ये तपासण्या कमी होतात, असं अनेकांना वाटतं. कॉमन लिस्प या लिस्पच्या दुसऱ्या बोलीत कंपायलरचं ‘सेफ्टी’ सेटिंग शून्यावर आणलं की तसं होऊ शकतं, त्यामुळे ही समजूत तिकडून आली असावी. ई-लिस्पमध्ये तसं नाही. आकड्याचा कार (यादीचा पहिला घटक) मागितला तर इंटरप्रिटर जी एरर देतो, तीच बाइटकोडही देतो, कारण प्रकाराची तपासणी मूळ सी फंक्शनांत किंवा त्या त्या ऑपकोडमध्येच (बाइटकोडच्या एकेका सूचनेत) बसलेली आहे. आर्ग्युमेंटांची संख्याही दोन्हीकडे तपासली जाते. म्हणजे कंपाइल केल्याने भाषा बेभरवशाची होत नाही.

भरवशाचा मुद्दा येतो तो एक पायरी खाली. बाइटकोड चालवणारं यंत्र कंपायलरवर पूर्ण विश्वास टाकतं. जावाच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये क्लास लोड होताना कोड पडताळला जातो, तसा पडताळा इथे होत नाही. ईमॅक्सची लिस्प मार्गदर्शिका स्पष्ट बजावते की बाइटकोड फंक्शनचे घटक हाताने जुळवू नका, ते एकमेकांशी विसंगत असले तर फंक्शन बोलावताच ईमॅक्स कोसळू शकतो. सी सोर्समध्ये बाइट-कोड-सेफ नावाचा एक मॅक्रो आहे. तो चालू करून ईमॅक्स बांधला तर स्टॅकच्या (चालू किमतींच्या थप्पीच्या) काही जुजबी तपासण्या होतात, पण तो मुळात बंद असतो आणि आहे तो कंपायलर दुरुस्त करणाऱ्यांसाठी. तुम्हीआम्ही पॅकेज लिहिणारी माणसं या खोलीपर्यंत क्वचितच जातो. त्यामुळे निर्णय घेताना हा मुद्दा बाजूला ठेवला तरी चालेल.

आता कंपायलरची खरी जमेची बाजू. तो कोड चालण्याआधी बोलतो. व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं, तर इंटरप्रिटर ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत गप्प राहतो, आणि ती ओळ एखाद्या क्वचित येणाऱ्या फाट्यावर असेल तर महिनोन्‌महिने गप्प राहतो. कंपायलर ‘फ्री व्हेरिएबल’ म्हणून लगेच बोट ठेवतो. न सापडणारं फंक्शन, कमी-जास्त आर्ग्युमेंटं, बांधून न वापरलेलं व्हेरिएबल, मॅक्रो वापरल्यानंतर झालेली त्याची व्याख्या, हे सगळं तो सांगतो. पूर्वी त्याच्या इशाऱ्यांच्या ओळी बऱ्याचदा भलतीकडे दाखवायच्या. २०२३ च्या २९व्या आवृत्तीत सिंबॉलसोबत त्याची जागाही सांभाळायला सुरुवात झाली आणि इशारे नेमक्या शब्दावर येऊ लागले. तेव्हापासून मी ते इशारे जास्त गांभीर्याने वाचतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग कंपाइलच करा की. मीही तसंच करत होतो. माझं मत फिरवलं ते एकाच त्रासाने. तो मात्र सावकाश सांगावा लागेल.

उदाहरण घ्या. ऑर्ग या ईमॅक्सच्या नोंदींच्या मोडमधल्या तक्त्यात देवनागरी आकडे आहेत आणि बेरीज हवीय, म्हणून ते इंग्रजी आकड्यांत बदलणारं फंक्शन लिहायचंय. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८, फरक २३५८. म्हणजे अक्षर घ्यायचं, २३५८ वजा करायचे, परत लिहायचं. जाता जाता हजारांचे स्वल्पविरामही पुसायचे. लिस्पमध्ये सिंबॉल देवनागरीत चालतात, म्हणून व्हेरिएबलांची नावं ‘जागा’, ‘शेवट’ आणि ‘अक्षर’ धरू. ‘शेवट’ सुरुवातीलाच मोजून साध्या आकड्यात ठेवलाय. तक्ता बफरच्या (ईमॅक्समध्ये उघडलेल्या मजकुराच्या) अगदी टोकाला असेल तर स्वल्पविराम पुसले की मजकूर आखडतो, ‘शेवट’ मात्र जुन्याच जागी राहतो. ‘जागा’ बफरच्या बाहेर जाते, तिथलं अक्षर म्हणून निल (‘काहीच नाही’) मिळतो आणि वजाबाकी अडते. एरर येते: राँग टाइप आर्ग्युमेंट, नंबर-ऑर-मार्कर-पी, निल.

डीबग-ऑन-एरर हे सेटिंग चालू असेल तर बॅकट्रेस, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं याची यादी, उघडतो. सोर्स लोड केलेला असेल तर सगळ्यात वर वजाबाकीची ओळ दिसते, तिच्यात निल आणि २३५८. त्याखाली ती वजाबाकी कुठल्या लेटमध्ये (व्हेरिएबल बांधणाऱ्या फॉर्ममध्ये) आहे, ते लेट कुठल्या व्हाइल लूपमध्ये, सगळी उतरंड. त्या फ्रेमवर, म्हणजे यादीतल्या ओळीवर, व्ही दाबलं की लोकल व्हेरिएबलं उघडतात. ई दाबून ‘शेवट’ विचारलं की आकडा मिळतो, बफरची लांबी विचारली की दुसरा आकडा मिळतो, दुसरा पहिल्यापेक्षा लहान आहे, झालं. ‘शेवट’ला मार्कर, म्हणजे मजकुरासोबत सरकणारी खूण, करायचं आणि कामाला लागायचं.

आता तीच फाइल कंपाइल करून चालवा. वजाबाकीला बाइटकोडमध्ये स्वतःचा ऑपकोड आहे, फंक्शन-कॉल होतच नाही, त्यामुळे ती ओळ बॅकट्रेसमध्ये येत नाही. लेट नाही, व्हाइल नाही. दिसतं ते तुमच्या फंक्शनचं नाव आणि त्याला दिलेली आर्ग्युमेंटं. (कार, एरेफ अशा काही क्रियांची नोंद नव्या आवृत्त्या बॅकट्रेसमध्ये ठेवू लागल्यात, एवढी सुधारणा आहे.) हेही सोसता येईल. खरी अडचण पुढे आहे. ई दाबून ‘शेवट’ विचारा. उत्तर येतं की या सिंबॉलला व्हेरिएबल म्हणून किंमतच नाही. जे फंक्शन आत्ता, या क्षणी, त्याच व्हेरिएबलवर अडून उभं आहे, त्यालाच ते माहीत नाही.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. २०१२ साली २४व्या आवृत्तीत लेक्सिकल बाइंडिंग आलं, म्हणजे व्हेरिएबल फक्त त्याच्या भोवतालच्या कोडला दिसू लागलं. त्याआधी लोकल व्हेरिएबलं डायनॅमिक असायची, म्हणजे पुढे बोलावलेल्या फंक्शनांनाही नावाने दिसायची. कंपाइल केलेला कोड ती नावानेच बांधायचा, नावं कॉन्स्टंटांच्या व्हेक्टरमध्ये असायची, त्यामुळे कंपाइल केलेल्या फ्रेममध्येही ‘शेवट’ विचारला की उत्तर मिळायचं. लेक्सिकलमध्ये व्हेरिएबल म्हणजे स्टॅकवरची एक जागा. डिसअसेंबल करून पाहिलंत तर ‘वरून इतक्यावा घटक उचल’ अशा स्टॅक-रेफच्या ओळी दिसतील, नाव कुठेच नाही. आर्ग्युमेंटांचीही तीच गत. पूर्वी फंक्शनच्या वस्तूत नावांची यादी असायची, आता एक पूर्णांक असतो. एकच आर्ग्युमेंट, तेही सक्तीचं, असेल तर तो आकडा २५७. किमान किती, कमाल किती, एवढंच तो सांगतो. नावं उरतात ती डॉकस्ट्रिंगच्या शेवटी, वाचणाऱ्या माणसापुरती.

लेक्सिकल बाइंडिंग हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. क्लोजर (भोवतालची व्हेरिएबलं सोबत बाळगणारी फंक्शनं) नीट चालतात, कंपायलरला बरंच काही आधी कळतं. पण बाइटकोड म्हटलं की नावं गेलीच पाहिजेत असंही नाही. गाइल ही स्कीम, म्हणजे लिस्पच्या आणखी एका बोलीची प्रणाली, घ्या. २.२ आवृत्तीपासून तिचा बाइटकोड ईएलएफ फाइलीत बसतो, सोबत ड्वार्फ स्वरूपात डीबगची माहिती असते, आणि डीबगरमध्ये लोकल्स मागितले की नावासकट मिळतात. ईमॅक्सने अशी माहिती आजवर ठेवलेली नाही. नेटिव्ह कंपायलेशनने, म्हणजे कोड थेट प्रोसेसरच्या भाषेत बदलण्याने, चित्र बदलत नाही. २८व्या आवृत्तीत ते आलं, ३०व्या आवृत्तीपासून मुळातच चालू असतं, पण ते बाइट-कंपायलरच्याच वाटेने पुढे जातं, त्यामुळे नावं तिथेही मिळत नाहीत.

माझ्या कामात चूक शोधण्याचा बहुतेक वेळ ‘इथे कोणती किंमत आली होती’ या एका प्रश्नावर जातो. त्याचं उत्तर न देणारी वाट कितीही वेगवान असली तरी माझ्यासाठी ती लांबची वाट आहे.

सोर्सच्या बाजूने दुसरी मोठी गोष्ट म्हणजे एडीबग, कोड एकेका पायरीने चालवून दाखवणारा ईमॅक्सचा डीबगर. फंक्शनमध्ये कर्सर ठेवून कंट्रोल-यू आणि मग कंट्रोल-मेटा-एक्स दाबलं की ते फंक्शन एडीबगसाठी तयार होतं. पुढच्या वेळी ते चालताना तुमच्याच सोर्समध्ये थांबतं, आणि स्पेस दाबत एकेक एक्स्प्रेशन पुढे जाताना प्रत्येकाची किंमत खाली दिसते. वरच्या उदाहरणात ‘अक्षर’वर २४०७ येतो आणि शेजारी ‘१’ हे अक्षरही दाखवलं जातं. ब्रेकपॉइंटला (थांबायच्या जागेला) अट लावता येते, म्हणजे ‘अक्षर’ निल असेल तेव्हाच थांब. हे पाहिल्यावर मेसेज छापत चूक शोधायची माझी सवय जवळजवळ सुटली.

पण एडीबगसाठी सगळं पॅकेज सोर्समधून लोड करायची गरज नसते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्याच्या पॅकेजमधलं एक फंक्शन संशयास्पद वाटलं, तर फाइंड-फंक्शनने त्याचा सोर्स उघडा आणि तेवढंच एक तयार करा. बाकी सगळं कंपाइल केलेलंच राहतं, दोन्ही प्रकार एकमेकांना सुखाने बोलावतात. काम झालं की लोड-लायब्ररीने ईएलसी परत आणा. दोन ठिकाणी मात्र हे फसतं. डेफसब्स्टने लिहिलेलं (इनलाइन होणारं) फंक्शन असेल तर त्याचा कोड कंपाइल होतानाच बोलावणाऱ्यांच्या पोटात गेलेला असतो, तुम्ही मूळ फंक्शन कितीही तयार करा, ते तिथे थांबणार नाही. मॅक्रो, म्हणजे कंपाइल होतानाच दुसऱ्या कोडमध्ये उलगडणारी रचना, तिचंही तेच. शिवाय ज्या मॅक्रोला डीबगची घोषणा दिलेली नाही, त्याच्या आतल्या एक्स्प्रेशनवर एडीबग पाऊल टाकत नाही, सगळं एका उडीत पार करतो.

सोर्स कुठे मागे पडतो, तेही सांगायला हवं. मोठ्या बफरवरची लूप, रंगसंगतीचा कोड, प्रत्येक कळीमागे चालणारं काही असेल तर इंटरप्रिटरचा संथपणा हाताला जाणवतो. खोल रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणं) असेल तर आणखी एक गोष्ट होते. इंटरप्रिटर प्रत्येक आतल्या फॉर्मसाठीही खोली मोजतो, त्यामुळे कंपाइल करून बिनबोभाट चालणारं फंक्शन सोर्समधून चालवल्यावर मॅक्स-लिस्प-इव्हल-डेप्थ या खोलीच्या मर्यादेवर अडू शकतं. आणि काही चुका फक्त कंपाइल केल्यावरच दिसतात. कोट केलेली, म्हणजे कोडमध्येच कॉन्स्टंट म्हणून लिहिलेली, यादी जागेवर बदलणं ही त्यातली नेहमीची. कंपायलर दोन सारख्या कॉन्स्टंटांची एकच वस्तू करू शकतो, मग एकीकडे केलेला बदल दुसरीकडे उमटतो. ३०व्या आवृत्तीचा कंपायलर अशा बदलावर इशारा देतो, पण सगळे बदल त्याला दिसतील असं नाही. अशी चूक सोर्स लोड करून शोधत बसाल तर ती सापडणारच नाही.

बाहेरच्या प्रोसेसचा मजकूर घेणाऱ्या फिल्टर फंक्शनमधली चूकही एडीबगने पकडणं अवघड जातं, कारण आपण थांबलेलो असताना पलीकडून मजकूर येतच असतो. तिथे मी कंपाइल केलेलं चालवून बॅकट्रेसवरच काम भागवतो.

एवढं सगळं तोलून मी माझ्या फाइली सोर्समधूनच चालवतो, आणि कंपायलरला पहाऱ्यावर ठेवतो. फ्लायमेक हा लिहिता लिहिता तपासणारा मोड चालू केला की तो मागच्या मागे दुसऱ्या ईमॅक्समध्ये फाइल बाइट-कंपाइल करून इशारे त्याच ओळीवर दाखवतो, तुमच्या फोल्डरमध्ये ईएलसी न ठेवता. ३०व्या आवृत्तीत यासाठी फाइल ट्रस्टेड-कंटेंट या विश्वासाच्या फाइलींच्या यादीत असावी लागते. इशारे अचानक बंद झाले असतील तर आधी ते बघा. पहिल्या ओळीत लेक्सिकल-बाइंडिंगची खूण आहे ना, हेही तपासा. ती नसेल तर ३०व्या आवृत्तीपर्यंत तरी फाइल डायनॅमिक समजली जाते, आणि मग इशारेही वेगळे, वागणंही वेगळं.

कंपाइल करूनच काम करायचं ठरवलंत, आणि तुमचं पॅकेज वेगावरच उभं असेल तर ते योग्यही ठरेल, तर लोड-प्रिफर-न्यूअर चालू करा. नाहीतर सोर्स नवा असूनही ईमॅक्स जुनी ईएलसी उचलतो, तसा संदेशही देतो, पण तो संदेश खालच्या ओळीतून सरकून जातो आणि दुरुस्त केलेली चूक पुन्हा समोर येते. आणि माझ्यासारखं सोर्सवर राहायचं असेल तर त्या फाइलीत नो-बाइट-कंपाइल ही खूण टाकून ठेवा, म्हणजे फोल्डर एकगठ्ठा कंपाइल करताना ती वगळली जाईल.