सिनॉलॉजी डीएस२२३ : पेठेतल्या दुकानासाठी बॅकअपचा डबा

डबा चांगला आहे. तळमजल्यावर, गल्ल्याशेजारी ठेवणार असाल तर मात्र घेऊ नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, तशी पुन्हा शिरली तर टेबलावरचा कॉम्प्युटर आणि खालच्या खणातला बॅकअप एकाच पाण्यात जातात. माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर जागा आणि तिथवर लॅनची वायर, ही या खरेदीची पहिली अट.

दोन डिस्क बसणारं हे नॅस, म्हणजे दुकानातल्या सगळ्या कॉम्प्युटरना नेटवर्कवरून वापरता येणारा साठवणीचा डबा. २ जीबी रॅम, १ गिगाबिटचं एक लॅन पोर्ट, तीन यूएसबी. डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात. घेताना सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणाऱ्या) जातीच्याच घ्या : डब्ल्यूडी रेड प्लस किंवा सीगेट आयर्नवुल्फ. नुसत्या ‘रेड’च्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) निघतात. एक डिस्क बदलल्यावर नव्या डिस्कवर सगळं पुन्हा उतरवायला त्या फार रडवतात. नावापुढे ‘जे’ असलेला स्वस्त भाऊ डीएस२२३जे इथे नको, कारण त्यात बीटीआरएफएस ही फाइल मांडण्याची पद्धत नाही आणि त्यामुळे स्नॅपशॉट, म्हणजे ठरावीक वेळची गोठवलेली स्थिती, हेही नाहीत. डीएस२२३ मध्येही व्हॉल्यूम (साठवणीचा भाग) बनवताना बीटीआरएफएस निवडायला विसरलात, तर नंतर सगळं पुसूनच बदल होतो.

स्नॅपशॉटवर एवढा जोर कशासाठी? नॅस दोन्ही डिस्कवर एकच मजकूर लिहितं, पण तो बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर दुसरी चालते, इतकंच. कुणी फाइल पुसली की ती दोन्हीकडून जाते. बिलिंगच्या कॉम्प्युटरला नॅस ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून जोडलेलं असेल, तर खंडणीचा व्हायरस त्या ड्राइव्हवरही टाळं ठोकतो. दर तासाला स्नॅपशॉट, २४ तासांचे आणि ३० दिवसांचे राखून, एवढं लावलं की कालच्या दुपारपर्यंत मागे जाता येतं. नॅसचं मूळचं ‘अ‍ॅडमिन’ नावाचं खातं बंद करा, दुहेरी पडताळणी चालू करा आणि घरून बघता यावं म्हणून राउटरवर ५००० किंवा ५००१ पोर्ट उघडू नका.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची चूक ठरलेली असते. सिनॉलॉजी ड्राइव्ह क्लायंट या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये टॅलीचं डेटा फोल्डर सतत सिंकवर टाकतात. टॅलीत कंपनी (हिशेबाचा संच) उघडी असताना आकड्याच्या नावाच्या फोल्डरमधल्या फाइली अर्धवट लिहिलेल्या असतात. कॉपी होते, उघडत नाही. सिंकऐवजी त्याच प्रोग्रॅममधला ‘बॅकअप टास्क’ घ्या, वेळ रात्री दहाची ठेवा आणि त्याआधी टॅली बंद करण्याची शिस्त लावा. शिवाय आठवड्यातून एकदा कंपनी बंद करून ऑल्ट+वाय मधून टॅलीचा स्वतःचा बॅकअप नॅसवर घ्या. रिस्टोअर करून पाहताना नेहमी नवीन, रिकामं फोल्डर द्या. जुनाच पत्ता दिला तर चालू हिशेबावर मागचा हिशेब बसतो. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीचा डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड हरवला तर उपाय नाही.

आता डब्याचं खरं काम, हायपर बॅकअप, म्हणजे नॅसवरच्या डेटाची बाहेर प्रत काढणारं सिनॉलॉजीचं अ‍ॅप. दोन यूएसबी डिस्क घ्या आणि प्रत्येकीसाठी वेगळा टास्क करा. एक डिस्क नॅसला, दुसरी गावाबाहेर, दर शनिवारी अदलाबदल. जी डिस्क लावलेली नाही, तिच्या टास्कचा एरर येतो. त्याने बिघडत काही नाही. बॅकअप संपताच डिस्क आपोआप सोडवण्याचा पर्याय आहे, तो लावा. पेठेतल्या दुकानाची डिस्क खेर्डीतल्या घरी नेऊन उपयोग नाही, तिथेही तीच वाशिष्ठी. एन्क्रिप्शन लावाच, पण पासवर्ड आणि किल्लीची फाइल डिस्कसोबत ठेवू नका. कागदावर छापून दुसऱ्या जागी ठेवा. डिस्क विंडोजला वाचता येईल अशी फॉरमॅट केलेली असेल, तर नॅस बुडालं तरी हायपर बॅकअप एक्सप्लोरर हा प्रोग्रॅम विंडोज लॅपटॉपवर ती वाचतो, नवा डबा येईपर्यंत थांबावं लागत नाही.

क्लाउडवरही प्रत ठेवता येते आणि ठेवावी. हिशेब मात्र करून ठेवा : २०० जीबी उतरवायला २० एमबीपीएसच्या लाइनवर सुमारे २२ तास. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मंडणगड पट्ट्यात वीज आणि नेटवर्क कित्येक दिवस नव्हतं. अशा वेळी क्लाउडमधली प्रत सुखरूप असते, हातात येत नाही.

विजेचं प्रकरण वेगळं. काम करताना नॅस १७ वॅटच्या आसपास घेतं, म्हणजे छोटा यूपीएसही बराच वेळ ओढतो. पण यूपीएसला यूएसबी संपर्काचं पोर्ट हवं. नाहीतर बॅटरी संपत आल्याचं नॅसला कळणार नाही आणि ते तसंच आपटून बंद पडेल. साध्या इन्व्हर्टरला असं पोर्ट बहुधा नसतं. जांभ्यावरच्या इमारतीत मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि नेमके तेव्हाच वळवाच्या विजा सुरू होतात. खड्ड्यात पाणी घालायचं काम कुणाचं, ते ठरवून ठेवा. पंखा खारी हवा आत ओढतो, फिल्टर नाही. खिडकी समुद्राकडची नको, बंद कपाटही नको. बाहेर ठेवलेली डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेल दर दोन महिन्यांनी बदला.

डिस्क बुडालीच, तर सुरू करून बघू नका, उन्हात वाळवू नका. आतला गाळ सुकून चिकटतो. ओलीच पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा.

कोणी घेऊ नये? एकच कॉम्प्युटर, पाच-दहा जीबी डेटा आणि रोजची मोजकी बिलं असतील, तर दोन पोर्टेबल डिस्क आणि शनिवारची शिस्त पुरते. तीन-चार कॉम्प्युटरची काजू फॅक्टरी, आंब्याच्या हंगामात दिवसरात्र बिलं फाडणारा व्यापारी, जुने नकाशे सांभाळणारा आर्किटेक्ट यांना हा डबा वाजवी आहे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, त्यामुळे डिस्कचं माप घेताना तेवढा काळ धरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर सगळं उतरवून ताळेबंद जुळतो का ते पाहा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच बॅकअपमध्ये येत नाही : डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. त्यातली किल्ली कॉपी होत नाही, बुडालं की नवीन काढावं लागतं. ते टोकन, तसंच टॅलीचा सिरीयल नंबर आणि लायसन्सला जोडलेला ईमेल लिहिलेला कागद बाहेरगावच्या डिस्कच्या डब्यातच ठेवा.