सात महिने इटलीच्या देशी व्हाइट वाइन्स, आणि एका बुचाने केलेला घात

गेल्या शनिवारी तिमोरास्सो या व्हाइट वाइनची बाटली उघडली आणि पहिल्याच वासाला मन उतरलं. पावसाळ्यात माळ्यावर ओल लागलेला पुठ्ठ्याचा खोका उघडल्यावर येतो ना, तोच कुबट वास. २२ युरोची बाटली, लग्नाच्या वाढदिवसासाठी चार महिने जपून ठेवलेली. इथे इटलीत, तोरिनोमध्ये (ट्यूरिन), याला 'सा दि ताप्पो' म्हणतात, म्हणजे बुचाची चव लागतेय. सोमवारी बिल आणि जवळजवळ भरलेली बाटली घेऊन दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, उघडलेली बाटली परत घेत नाही. अरे पण न उघडता हे कळणार कसं? वास घेऊन बघ म्हटलं तर तेही करायला तयार नाही. अर्धा तास वाद घातला, पैसे गेलेच.

तर आता सविस्तर. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघांनी ठरवलं होतं की पिनो ग्रिजो बंद. इटालियन व्हाइट म्हणून जगभर तीच खपते, पण ते द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या बर्गंडीतलं. इटलीची स्वतःची द्राक्षं शेकड्यांनी आहेत आणि आपण इथे राहून तीच सोडून पितोय याचं मला खरंच वाईट वाटायचं. आठवड्याला एक बाटली, २९ झाल्या, सगळ्या वहीत किमतीसकट लिहिल्यात. त्यातल्या तीन सरळसरळ बुचाने घालवल्या.

बुचाचं शास्त्र मी आता वाचलं. बुरशी आणि क्लोरीनची संयुगं एकत्र आली की टीसीए नावाचं रसायन तयार होतं, लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी वाइन गेली. तब्येतीला अपाय नाही, फक्त चव मरते. आणि मला खरा धक्का पुढे बसला, ते अगदी थोडं असेल तर कुबट वासही येत नाही, नुसता फळाचा वास दबतो, म्हणजे पिणाऱ्याला वाटतं की वाइनच बेचव आहे!

हे वाचलं आणि लगेच वही काढली. डिसेंबरमध्ये फिआनो दि अवेल्लिनोबद्दल मी लिहिलं होतं, 'वास नाही, चव नाही, १४ युरो पाण्यात', आणि मैत्रिणींच्या ग्रुपवरही घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. परवा त्याच वर्षाची तीच बाटली पुन्हा आणली. भाजलेल्या हेझलनटचा वास (अवेल्लिनोचा भाग हेझलनटसाठीही प्रसिद्ध आहे), थोडासा मध, आणि आंबटपणा असा की दुसरा घोट घ्यावाच लागतो. पहिली बाटली बुचानेच गेली होती हे आता सिद्ध करता येणार नाही, पण माझा शेरा मी मागे घेते. मैत्रिणींनो, जरूर घ्या.

बाकीच्यांचं थोडक्यात. पैसा वसूल म्हणाल तर वेर्दिक्यो, मार्के भागातली, ९ युरो. शेवटी कडू बदामासारखी चव रेंगाळते, वरण-भात-तूप-लिंबावर इतकी छान लागते की आता घरात एक असतेच. पूर्वी ही अँफोराच्या (जुन्या सुरईच्या) आकाराच्या हिरव्या बाटलीत विकायचे, त्यामुळे लोक हिला हलकी समजतात, समजू नका. सार्डिनियाची वेर्मेंतिनो दि गाल्लुरा आम्ही वोंगोलेबरोबर प्यायलो, त्या आपल्या तिसऱ्यांसारख्याच, ओलं नारळ घालून सुकं केलं होतं. ग्रेको दि तुफो जरा कडक, कमी मसाल्याचं जेवण असेल तरच. आर्नेइस आमच्या शेजारच्या रोएरो भागातली, मऊ, पेअरसारखी, पण १२ युरोला वेर्दिक्योपेक्षा जास्त काही देत नाही. 'गावी' नावाची वाइन मला दोन्ही वेळा पातळ वाटली. एक मात्र पाळा, फ्रीजमधून काढून वीस मिनिटं थांबा, एकदम गार असली की यातली कुठलीच ओळखू येत नाही.

आणि तिमोरास्सो. हे द्राक्ष तोर्तोनाच्या टेकड्यांमधलं, उत्पन्नाचा भरवसा नाही म्हणून शेतकऱ्यांनी काढून टाकून कोर्तेझे हे दुसरं द्राक्ष लावलं, जवळजवळ संपलंच होतं. १९८० च्या दशकात वाल्तेर मास्सा या माणसाने ते पुन्हा उभं केलं, आता तिथली वाइन 'देर्तोना' या तोर्तोनाच्या जुन्या नावाने विकतात. एवढ्या कष्टाने वाचवलेलं द्राक्ष बुचाच्या एका तुकड्याने वाया जावं याचा मला अजून राग येतोय. स्क्रू कॅप (फिरवून उघडायचं झाकण) लावा ना! सोआवे ही वाइन स्क्रू कॅपची मिळाली, ८ युरो, चार वेळा आणली, चारही वेळा तंतोतंत तशीच निघाली. पण इथे स्क्रू कॅप म्हटलं की अजून बरेचजण नाक मुरडतात.

बुधवारी दुसऱ्या दुकानातून तिमोरास्सो घेतली, २१ युरो. पैसे देण्याआधीच विचारलं, बूच खराब निघालं तर? म्हातारे गृहस्थ म्हणाले, सिंकमध्ये ओतू नका, आहे तशी बूच लावून घेऊन या, मी बदलून देतो. उघडली, स्वच्छ होती. पहिल्या दिवशी बंद बंद वाटली, काल मध आणि ओल्या दगडासारखा वास मोकळा झाला, आज त्याहून छान आहे. नवऱ्याला पहिल्या दिवशीचीच आवडली. एक ग्लास उरलाय, तो रात्री मी घेणार.