हाथीखान्यातले वर्षाचे गहू, आणि लेस्टरच्या नणंदेला दिलेलं उत्तर

होळी झाली की बडोद्यात नवीन आलेली मंडळी विचारायला लागतात, वर्षाचे गहू कुठून भरायचे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. आम्ही हाथीखान्यातून, म्हणजे इथल्या धान्यबाजारातून भरतो, सासूबाईंच्या वेळेपासून एकाच दुकानातून, आणि त्यांच्या सर्व्हिसला माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तिथे अशी बरीच दुकानं आहेत आणि पद्धत सगळ्यांची साधारण सारखीच, काय बघायचं ते कळलं की कुठूनही घ्या.

आधी माल. लोकवन आणि टुकडी हे रोजच्या पोळीचे गहू, दोन्ही मिळतात. पोळी मऊ हवी असेल तर मी टुकडी सांगेन, पण घेण्याआधी दोन किलो आणून दळून बघा, सॅम्पल द्यायला कोणी नाही म्हणत नाही. भालिया हवे असतील तर थोडेच घ्या, गुजरातमधल्या भालप्रदेशातले, पाणी न देता फक्त जमिनीतल्या ओलीवर पिकणारे गहू आहेत हे, 2011 साली जीआय टॅग, म्हणजे त्या भागाचाच माल असल्याची सरकारी ओळख मिळालीय, लापशी आणि लाडूला फार सुंदर, रोजच्या पोळीला नकोत. हिशोब सगळा मणात, आणि इथला मण 20 किलोचा. आम्हा चार माणसांना महिन्याला साधारण एक मण लागतो. भाव रोज बदलतो, फळ्यावर लिहिलेला असतो, म्हणून इथे लिहीत नाही.

गहू वाळलेत की नाही हे बघायची माझी पद्धत म्हणजे दाणा दाताखाली घ्यायचा. कट्कन तुटला तर घ्या, दबला किंवा चिवट लागला तर त्या पोत्याला हात लावू नका, कितीही स्वस्त देत असले तरी, कारण दाण्यात ओल राहिली की कीड येणारच, वर काहीही लावा. चाळून, खडे-माती काढून देतात आणि सांगितलं तर दिवेल म्हणजे एरंडेल लावूनही देतात. या दुकानाचं मला सगळ्यात जास्त हेच आवडतं, तो माणूस गव्हाचा ढीग ताडपत्रीवर पसरतो, तळहातावर थोडं तेल घेतो आणि ढीग खालून वर उलटत राहतो, शेवटी मूठभर गहू हातात घेतले तर प्रत्येक दाणा चमकतो पण हाताला जेमतेम तेलकटपणा लागतो. तेल जास्त झालं की दळताना घंटीत, म्हणजे पिठाच्या चक्कीत, पीठ चिकटतं आणि काही महिन्यांनी खवट वास येतो. तूरडाळीलाही हेच, फक्त शिजवण्याआधी गरम पाण्यात चोळून धुवायची.

एक स्टार कापलाय तो हमालीसाठी. ऑर्डर देताना सांगतात घरपोच, मग टेम्पो दारात आला की पोती वर चढवायचे पैसे वेगळे. पैसे द्यायला काहीच हरकत नाही, ते अंगावरचं काम आहे, पण आधी सांगा ना.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. बाजारात धान्यात टाकायच्या पाऱ्याच्या गोळ्या मिळतात, त्या आणू नका. आणि सल्फासच्या गोळ्या कोणी कितीही खात्रीने दिल्या तरी घरात आणूच नका, हवेतल्या ओलीनेही त्यातून विषारी गॅस निघतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने गेलेली आहेत. दिवेल, कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी, बस झालं.

आता नणंदेकडे येते, कारण गव्हाचा विषय निघाला की मला तीच आठवते. धाकटी नणंद इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. 23 जून 2016 ला तिकडे ब्रेक्झिटचं, म्हणजे युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं याचं मतदान झालं, देशात बाहेर पडायचं म्हणणारे 51.9 टक्के, राहायचं म्हणणारे 48.1, आणि लेस्टर शहरात तर राहायचं म्हणणारे 51.1 टक्के, म्हणजे शेजारपाजार अक्षरशः अर्धा इकडे अर्धा तिकडे. मतदानानंतर पाउंड पडला, बाहेरून येणारं खाणं महागलं, पण खरी घबराट झाली 2018 च्या शेवटाला, जेव्हा बाहेर पडायची तारीख, 29 मार्च 2019, जवळ यायला लागली आणि युरोपशी करार काही होईना. तेव्हा ती रोज फोन करायची, वहिनी, तुम्ही लोक वर्षाचं भरता ना, मग मी किती भरून ठेवू? तेव्हा तिकडे चक्क ब्रेक्झिट बॉक्स विकायला आला होता, 295 पाउंडांचा, त्यात सुकवलेलं जेवण, मॅकरोनी चीज वगैरे, सुकवलेला खिमा आणि चिकन, पाण्याचा फिल्टर, शेगडी पेटवायचं साहित्य. टिकणार म्हणे 25 वर्षं. तिने मला फोटो पाठवला, घेऊ का विचारायला.

मी नको म्हटलं आणि आजही नकोच म्हणेन. तुमच्या घरात जे एरवी कोणी खात नाही ते संकटात तर अजिबात खाल्लं जात नाही, पोरं आजारी असताना, घरात टेन्शन असताना माणसाला आपला वरणभातच लागतो. आमची कोठी वर्षानुवर्षं चालते कारण त्यातलं रोज काढून खातो, खाली जुनं राहत नाही. 25 वर्षं टिकणारा डबा माळ्यावर जातो आणि विसरला जातो.

मग मी तिला विचारलं की तुमच्याकडे नेमकं काय युरोपातून येतं, तेव्हा तिने नीट शोधून काढलं. जानेवारी 2019 मध्ये तिथल्या मोठ्या सुपरमार्केटवाल्यांनी मिळून खासदारांना पत्र लिहिलं होतं की आपल्या खाण्याचा जवळपास तिसरा हिस्सा युरोपियन युनियनमधून येतो, आणि मार्च महिन्यात तर लेट्यूस 90 टक्के, टोमॅटो 80 टक्के आणि स्ट्रॉबेरीसारखी मऊ फळं 70 टक्के तिकडूनच, आणि ताजा माल साठवून ठेवता येत नाही. इथेच तर सगळं आलं! ट्रक डोव्हरच्या बंदरात अडकले तर खोळंबणार टोमॅटो आणि फळं, आणि ती साठवणार कशी? तिच्या घरात जे लागतं, तांदूळ, तूरडाळ, मसाले, ते बहुतेक युरोपातून येतच नाही. म्हणजे लोक भरत होते पीठ आणि डाळ, आणि कमी पडण्याची भीती होती ती भाजी-फळांची.

करार न होताच बाहेर पडलं तर काय होईल यावरचा तिकडच्या सरकारचा ऑपरेशन यलोहॅमर नावाचा कागद सप्टेंबर 2019 मध्ये बाहेर आला, त्यातही हेच होतं की एकूण अन्न संपणार नाही, काही ताजा माल कमी होईल, निवड कमी होईल, भाव वाढतील, आणि लोकांनी घाबरून खरेदी केली तर टंचाई त्यानेच होईल किंवा वाढेल. शिवाय भाववाढ सगळ्यात जास्त गरिबाला लागेल. हे वाक्य मला फार लागलं. आपण मार्च-एप्रिलमध्ये हाथीखान्यातून दहा-बारा मण उचलतो तेव्हा पीक नुकतंच आलेलं असतं, मंडी भरलेली असते, आपल्यामुळे कुणाचं ताट रिकामं होत नाही. तेच सुपरमार्केटच्या एका शेल्फवर अर्ध्या गल्लीने एकाच शनिवारी धाड घातली तर संध्याकाळी ड्यूटी सुटून आलेल्या नर्सला, आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्याला, म्हाताऱ्या माणसाला काय मिळणार? मतदानाने तिकडे आधीच शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता, त्यात हे नको.

मग भरायचंच नाही का? भरायचं, पण हळूहळू. तिला मी सांगितलं की दर आठवड्याच्या खरेदीत एकच गोष्ट जास्तीची घे, एकदा तांदूळ, एकदा डाळ, एकदा तेल, असं करत तीन आठवड्यांचं घरात झालं की थांब आणि मग जुनं आधी वापर. पीठ महिन्याच्या वर नको. तिकडचं घर दमट असतं, आपल्यासारखं कडक ऊन मिळत नाही, म्हणून पिठाची पिशवी आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेव, किड्यांची अंडी मरतात. सासऱ्यांची बीपीची औषधं साठवायची नाहीत हेही सांगितलं, कारण तिकडे सरकारनेच कंपन्यांना सहा आठवड्यांचा जास्तीचा साठा ठेवायला लावलं होतं आणि घरी साठवू नका असं सांगितलं होतं. झालं काय, 29 मार्च पुढे ढकलली, मग 12 एप्रिल, मग 31 ऑक्टोबर, शेवटी बाहेर पडले 31 जानेवारी 2020 ला, आणि दोन महिन्यांत कोरोना आला, शेल्फवरचा पास्ता, तांदूळ, पीठ गायब झालं. जूनच्या शेवटी पुन्हा लॉकडाऊन लागला तो सगळ्यात आधी लेस्टरलाच. तेव्हा तिचे ते तीन आठवडे कामाला आले, शेजारच्या आजींना तिने तांदूळ आणि डाळ नेऊन दिली. त्या आजी दुसऱ्या बाजूला मत दिलेल्या होत्या, हे दोघींनाही माहीत होतं.

आपल्याकडे मतदानापेक्षा पाऊस जास्त खरा. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात 20 इंचांच्या आसपास पाऊस पडला, आणि ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी घराघरांत शिरली. त्या वेळी कळतं की नुसते गहू म्हणजे जेवण नव्हे. लाईट गेली की घंटी बंद, मग कोठीत आठ मण असूनही पोळी नाही. म्हणून पावसाळ्यात आठ-दहा दिवसांचं दळलेलं पीठ, पोहे, भाजणी, मेतकूट, शेंगदाणे, गूळ आणि पिण्याचं पाणी वेगळं ठेवा, आणि कोठी तळमजल्यावर असेल तर लोखंडी स्टँडवर, जमिनीवर अजिबात नको. आमच्या ओळखीत एकांची पूर्ण वर्षाची कोठी खालून भिजली, झाकण घट्ट होतं पण तळाशी गंज लागून भोक पडलेलं. त्यामुळे नवीन कोठी घेताना आत हात घालून तळाचा सांधा बघा, आणि जुनी असेल तर भरण्याआधी अंधाऱ्या खोलीत आडवी करून आतून बॅटरीचा प्रकाश टाका, भोक असेल तर बाहेर लगेच दिसतं.

तर हाथीखान्यात जायचं असेल तर सकाळी लवकर जा, एप्रिलमध्ये अकरानंतर ऊनही आणि टेम्पोंची गर्दीही, गाडी लावायला जागा मिळत नाही. गहू तुमच्यासमोर चाळून घ्या, तुमच्यासमोरच तोला, दिवेल लावायला सांगायचं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा आणि हमाली किती ते तेव्हाच चिठ्ठीवर लिहून घ्या. दोन माणसांचं घर असेल, भाड्याची खोली असेल तर वर्षाचं भरू नका, तीन-चार मणांत भागतं आणि दिवाळीनंतर पुन्हा आणता येतं, तोच दुकानदार तेव्हाही तितक्याच आपुलकीने देतो.