हॉलंड की इटली? आर्थिक इतिहासाच्या समर स्कूलबद्दल थोडं

महिन्याभरात तिघांनी विचारलं की समर स्कूलला हॉलंडला जाऊ की इटलीला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पीएचडीवाल्यांसाठी शेअर, रोखे (कर्जाचे कागद), हुंड्या (दुसऱ्या गावी पैसे द्यायला सांगणाऱ्या चिठ्ठ्या) वगैरेंच्या इतिहासाच्या ज्या समर स्कूल, म्हणजे उन्हाळी वर्ग, असतात त्यातल्या दोन मी लागोपाठ दोन उन्हाळ्यांत केल्या, आधी हॉलंडची, मग इटलीतली प्रातोची. संस्थांची नावं घेत नाही कारण थोडी कुरकुर करायची आहे. फी, राहणं, सर्टिफिकेट यात फार फरक नाही, व्हिसाची कटकटही सारखीच, त्यामुळे ते सोडून देऊ.

हॉलंडचा मालमसालाच असा आहे की माणूस पहिल्या दिवशीच खलास. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचं भांडवल गोळा होत होतं, ॲमस्टरडॅमची नोंदणी डर्क व्हान ऑस या संचालकाच्या घरी चालायची, आणि रजिस्टर बंद होता होता त्याच्याच घरातल्या मोलकरणीने १०० गिल्डर (तेव्हाचं डच नाणं) लावले, तिचं नाव आजही त्या रजिस्टरात आहे. १६०९ मध्ये इझाक ल मेअर या व्यापाऱ्याने हातात नसलेले शेअर विकायचा सपाटा लावला, १६१० मध्ये त्यावर बंदी आली, आणि बंदीनंतरही लोक ते करतच राहिले (आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही). त्याच सुमाराला भागधारकांना पहिला लाभांश मिळाला तो रोख कमी आणि जायपत्री-मिरी जास्त असा. शिवाय १६४८ चा नदीच्या बांधासाठी काढलेला तो रोखा, कातड्यावर लिहिलेला, सध्या येल विद्यापीठाकडे आहे आणि २०१५ मध्ये त्यावरचं बारा वर्षांचं साचलेलं व्याज त्यांनी वसूल केलं, १३६ युरो आणि वर चिल्लर. हे सगळं शिकवणारी माणसंही तयारीची. दुपारच्या जेवणाला रोज गार ब्रेड आणि चीज, पण ठीक आहे, खायला कुणी जात नाही.

मला जे खटकलं ते वेगळंच. प्रत्येक कागद पडद्यावर यायचा तो डावीकडे मूळ आणि उजवीकडे टाइप केलेलं स्वच्छ इंग्रजी असाच. आता उजवीकडे इंग्रजी आयतं असताना डावीकडे कोण बघणार? मीही नाही बघितलं. त्या मोलकरणीच्या नोंदीला सगळा वर्ग हसला तो इंग्रजी वाचून, आणि मी विचारलं की यात 'मोलकरीण' हा शब्द नेमका कुठे आहे, तर उत्तर आलं की आज वेळ कमी आहे, स्लाइड्स नंतर मेल करू. केल्यासुद्धा. त्यातही इंग्रजीच होतं. लहान गोष्ट आहे, मान्य, पण दहा दिवस रोज तेच, आणि परत आल्यावर लक्षात आलं की आपण एक ओळसुद्धा स्वतः वाचलेली नाही.

प्रातोचं उलटं. फ्लॉरेन्सहून लोकलने अर्ध्या तासाच्या आतलं गाव. तिथला व्यापारी फ्रांचेस्को दातिनी १४१० मध्ये वारला, त्याच्या घरात १८७० मध्ये कागदांचा ढीग सापडला, नुसती पत्रंच दीड लाखाच्या आसपास, शिवाय पाचशेच्या वर हिशेबाच्या वह्या, विम्याचे करार, हजारो हुंड्या. हुंड्या म्हणजे बिल ऑफ एक्स्चेंज, पण मी हुंडीच म्हणतो. आमच्या चौघांच्या गटाला एक हुंडी दिली आणि सकाळभर तीच. जेमतेम आठ-दहा ओळी. वर एक क्रॉस, मग तारीख, आणि पुढे व्यापाऱ्यांची ती घसटती लिपी, हात न उचलता लिहिलेली. खालच्या दांडीवर आडवी रेघ मारलेला 'p' म्हणजे 'per', हे कळायलाच पाऊण तास गेला. पाठीमागे एकच शब्द ठळक: 'प्रीमा', म्हणजे पहिली प्रत. ते बघितलं आणि मी उडालोच, कारण आपल्याकडे हुंडी हरवली तर जी दुसरी प्रत निघायची ती पेठ, तिसरी परपेठ. मास्तरीणबाईंना हे सांगितलं तर त्यांनी अर्धा तास मलाच फळ्यापाशी उभं केलं, आणि रक्कम कुणी बदलू नये म्हणून आपल्या हुंडीत तिची निम्मी रक्कमही लिहून 'त्याची दुप्पट' असं म्हणायचे, हे ऐकून तर त्या खूशच झाल्या. त्यांच्या हुंडीत दोन्ही गावांची नाणी आणि त्यांच्या अदलाबदलीचा दर लिहिलेला असतो, कारण चर्चला व्याज चालत नव्हतं, मग नफा दरात लपवायचा. हे वर्गात नुसतं ऐकणं वेगळं आणि तो दर शाईत बघणं वेगळं.

अर्थात मी पुण्यात मोडी शिकलोय, त्यामुळे मला ही कटकट आवडते, हे लक्षात घ्या. ज्यांचं काम मॉडेल-डेटावर आहे त्यांना प्रातोत कंटाळा येऊ शकतो, शेअर बाजाराचा विषय तिथे जवळपास नाहीच, थिअरी पातळ, अर्धी लेक्चरं इंग्रजीच्या नावाखाली इटालियनमध्ये, आणि जुलैत खोलीत एसी सोडा, पंखासुद्धा नव्हता. कॉन्टॅक्ट करायचे असतील, पुढे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) बघायचा असेल, तर कदाचित हॉलंडच बरं पडेल, तिथे ओळखी झाल्या त्या अजून कामाला येतायत. पण स्कॉलरशिप एकदाच मिळणार असेल आणि माझ्यावर वेळ आली तर मी परत पंख्याशिवाय झोपेन.

जाणार असाल तर शिसपेन्सिली घेऊन जा, वाचनकक्षात पेन चालत नाही. मी हॉलंडला नेलेली पेन्सिल टोक न काढता परत आणली होती, प्रातोत तीच पाचव्या दिवशी संपली.